बाळ्याची उसण आणि माझा डावा पाय

केळशीहून रत्नागिरीला जायचे दोन रस्ते आहेत. शहाणी माणसं खेडवरून हमरस्त्याला लागतात आणि जेवायच्या वेळेला पोचतात. आम्ही दुसऱ्या रस्त्यानं गेलो. समुद्र उजव्या हाताला धरायचा, दोन खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या, मध्ये गुहागरला एक मुक्काम. ज्यांनी हा रस्ता केलेला नाही त्यांनी जरूर करावा. फक्त माझ्या भावाला बरोबर घेऊ नये.

भावाचं नाव बाळकृष्ण, वय अडुसष्ट. केळशीत आंब्याची बाग, तोंडात एक सोन्याचा दात, आणि स्वभाव कच्च्या फणसासारखा, वरून काटे नि आत चीक. मी चार वर्षांनी मोठी, म्हणून त्याला बाळ्या म्हणते. तो मला ताये म्हणतो आणि रागावला की सुमतीबाई. माझं सासर माहेराला लागूनच, आमच्या घरांच्या मध्ये रचलेल्या दगडांचा एक गडगा आहे. गडग्यावरून आमचं सकाळचं भांडण सुरू झालं की शेजारचे लोक पाण्याचा पंप बंद करतात, कारण साडेसात वाजलेले असतात.

निघण्याआधी थोडं पायाबद्दल

मी पायाळू आहे. जन्माला येताना इतर लोक आधी डोकं बाहेर काढतात, मी पाय काढले. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते, असं आपल्याकडे मानतात. उसण म्हणजे पाठीत अचानक भरणारी कळ. घागर उचलताना भरते, वाकताना भरते, नुसतं शिंकताना भरते. मग तो मनुष्य पायाळूच्या दारात येऊन पालथा पडतो आणि पायाळूनं त्याच्या पाठीवर डाव्या पायानं तीनदा लाथ लावायची. लावायची असते, मारायची नसते. तरुणपणी मला हा फरक कळत नव्हता.

विसाव्या वर्षी मी स्वतःला धन्वंतरीची धाकटी बहीण समजत असे. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांना उसण भरली. नव्या सुनेनं सासऱ्यांना लाथ कशी लावायची यावर घरात तासभर खल झाला. शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. सुनेनं आधी वाकून नमस्कार करावा, मग लाथ, मग पुन्हा नमस्कार. मी तसं केलं. उसण गेली. सासऱ्यांपेक्षा सासूबाईंचा चेहरा जास्त खुलला होता. तेव्हापासून दर महिन्याला त्याच मला बाजूला घेऊन विचारत, "यांना विचार गो, उसण वगैरे काही आहे का?"

त्या यशानं माझं डोकं इतकं फिरलं की वाकलेला मनुष्य दिसला की माझा पाय शिवशिवायचा. एकदा ओटीच्या पायरीवर चप्पल काढायला वाकलेल्या शाळातपासनिसांना मी पेशंट समजले. ते शाळा न तपासताच गेले.

हा सगळा इतिहास माझ्या नातीला, मुक्ताला, पाठ आहे. ती रत्नागिरीला एका इस्पितळात डॉक्टर आहे. गावोगावच्या आरोग्यसेविकांपुढे तिला मराठीत भाषण करायचं होतं, आणि त्याची तालीम तिनं महिनाभर फोनवरून माझ्यावर केली. विषय असा की, काळजातून निघणारी शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, तिला आतून चीर गेली तर ते रक्त तपासून लवकर ओळखता येईल का. मी एका कानानं ऐकत नारळ खवत असे. शब्द फार मोठे होते. डोक्यात राहिलं ते एवढंच की ते दुखणं एकदम येतं, फाडल्यासारखं येतं आणि जागा बदलतं.

"आजी, तू भाषणाला ये," मुक्ता म्हणाली. "आणि बाळूआजोबांना आण. त्यांचं ब्लडप्रेशर मला बघायचंय."

बाळ्याला मी फक्त पहिला भाग सांगितला.

केळशी ते गुहागर

गाडी इक्बालभाईंची. हे आमच्या गावचेच, पन्नाशीचे, पर्यटकांना फिरवतात आणि फिरवताना दोन्ही बाजूंचा इतिहास सांगतात. त्यांची उसण मी दोनदा घालवली आहे, त्यामुळे ते माझ्याकडून डिझेलपुरतेच पैसे घेतात आणि गाडीत मला पुढे बसवतात.

दिवाळी होऊन गेली होती. भात झोडून झालेलं, कातळावरचं गवत पिवळं पडलेलं, आणि त्या पिवळ्यामधून एकदम खाली निळा समुद्र दिसायचा. मी दर वळणावर "अगोबाई" म्हणत होते. बाळ्या मागून म्हणाला, "ताये, जन्म समुद्राकाठी गेला तुझा. घाटावरची पाहुणी आल्यासारखं काय करतेस?"

"घरचा समुद्र कपडे वाळत घालताना दिसतो. हा बसून दिसतोय," मी म्हटलं.

दाभोळला पहिली फेरीबोट. गाडी बोटीवर चढवून झाल्यावर बाळ्या पाच मिनिटं दिसेना. सापडला तेव्हा टपरीमागे उभा राहून तळलेले बोंबील खात होता. आमचं घर शाकाहारी. मला बघून त्यानं बोंबील पाठीमागे धरला, तर तो कावळ्यानं नेला. इक्बालभाई म्हणाले, "काकी, मी काही पाहिलं नाय." कावळ्यानं मात्र समोर बसून खाल्ला.

गुहागरला एका घरगुती खाणावळीत उतरलो. त्या बाईंनी डाळिंब्यांची उसळ केली होती आणि तिच्यात एवढा गूळ घातला होता की आमच्या केळशीत तेवढ्यात पुरणपोळ्या झाल्या असत्या. मी तसं बोलले. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे गूळ महाग आहे का?" मला फार आवडल्या त्या. बाळ्यानं पोह्याचे पाच पापड, मिरगुंडं, आणि लिंबाच्या लोणच्याची निम्मी वाटी संपवली.

"मीठ किती खातोस? प्रेशरच्या गोळ्या घेतल्यास?"

"घरी आहेत."

"घरी?"

"प्रवासात प्रेशर वाढत नाही. समुद्राची हवा असते."

"आणि घरी काय हिमालयाची असते?"

तो म्हणाला, "घरी तू असतेस. तू बरोबर येणार आहेस हे गोळ्या ठेवताना लक्षात आलं नाही." यावर इक्बालभाईंना ठसका लागला. मीही हसले. खरं तर त्याच क्षणी औषधाच्या दुकानात जायला हवं होतं. पण पापड कुरकुरीत होते, आणि बहात्तराव्या वर्षीसुद्धा मला शहाणपण जेवण झाल्यावरच सुचतं.

हेदवीची घळ

दुसऱ्या दिवशी सकाळी हेदवीला थांबलो. गणपतीचं दर्शन झालं, मग बामणघळ बघायला खाली उतरलो. ही किनाऱ्याच्या काळ्या खडकातली एक अरुंद फट. भरतीची लाट तिच्यात घुसते, पुढे जायला जागा नसते, मागून दुसरी लाट रेटते, आणि मग ते पाणी गरजत माडाएवढं वर उडतं. बघायला फार मजा. इक्बालभाईंनी इतिहास सांगायला तोंड उघडलं आणि त्यात पाणी गेलं.

बाळ्या मात्र काठाशी उभा राहून म्हणाला, "ही फट दर लाटेला थोडी थोडी पुढे सरकत असणार."

"खडक आहे तो," मी म्हटलं.

"खडक असला तरी किती सोसेल?" असं म्हणून तो गाडीत जाऊन बसला. मला वाटलं, पापड बाधले असतील.

तवसाळची फेरीबोट

तवसाळहून पलीकडे जयगड. पाण्यावर पाव तास. बोटीवर तीन-चार गाड्या, दहाबारा दुचाक्या, आणि वाऱ्याला तोंड करून उभी असलेली माणसं. बाळ्या कठड्याला टेकून उभा होता. तो वाकला नाही, त्यानं काही उचललं नाही, तो शिंकलाही नाही. नुसता उभा होता. आणि एकदम "आयो" असं काहीसं म्हणून खाली बसला.

"काय रे झालं?"

"पाठीत. दोन खांद्यांच्या मध्ये. उसण भरली गो."

त्याचं तोंड चुन्यासारखं झालं होतं आणि वाऱ्यात उभा असूनही कपाळावर घाम.

बोट लहान, त्यामुळे बातमी लगेच पसरली. एका बाईंनी बाम काढला. एका काकांनी ओवा दिला. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "हा हार्टचा झटकाच. माझ्याकडे रक्त पातळ करायची गोळी आहे, लगेच चघळा." तेवढ्यात इक्बालभाईंनी, अगदी चांगल्या मनानं, घात केला. ते म्हणाले, "अरे, उसणच आहे तर कशाला शोधता? आपल्या काकी पायाळू आहेत."

मग काय विचारता. बोटीवर एकदम उत्साह आला. जागा करून दिली. कोणीतरी चादर अंथरली. बाळ्या स्वतःच पालथा पडला. बामवाल्या बाईंनी भक्तिभावानं माझी डावी चप्पल काढून बाजूला ठेवली. दोघांनी मोबाईल वर धरले.

"लाव गो ताये, लवकर लाव," बाळ्या खालून म्हणाला. "आता ती खाली कमरेकडे उतरली."

मी एका पायावर बगळ्यासारखी उभी. डावा पाय हवेत. आणि 'खाली उतरली' हे ऐकून मला मुक्ताचा आवाज ऐकू यायला लागला. एकदम येतं, फाडल्यासारखं येतं, जागा बदलतं.

"बाळ्या, कळ कशी आहे? चावल्यासारखी की फाडल्यासारखी?"

"मांजरपाट फाडतात तशी. वरून खाली, टर्र करून. लाव ना."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी एकवीस वर्षांची असताना गणू सुतार असाच आमच्या अंगणात येऊन पालथा पडला होता. धट्टाकट्टा माणूस. रंधा मारता मारता पाठीत काहीतरी फाटलं म्हणाला. मी तीनदा पाय लावला. जरा बरं वाटतंय वहिनी, म्हणून तो उठून गेला आणि दिवेलागणीला गेला. लोक म्हणाले, वेळ भरली. आणि मी, धन्वंतरीची धाकटी बहीण, मनात काय म्हणाले असेन? म्हणाले, माझी लाथ कमी पडली, चार लावायला हव्या होत्या.

गणूला नेमकं काय झालं होतं हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण त्या बोटीवर मी पाय खाली ठेवला.

"काकी, पाय आखडला काय?" कोणीतरी विचारलं.

"पाय ठीक आहे. उठवा त्याला. पाठीला हात लावू नका, गोळी देऊ नका."

सगळ्यांची फार निराशा झाली. मोबाईलवाल्यांनी मोबाईल खिशात टाकले. बाळ्या पालथा पडल्या पडल्या म्हणाला, "सख्ख्या भावाला लाथ मारत नाही, आणि परक्यांना जन्मभर फुकट मारलीस."

मुक्ताला फोन लागेपर्यंत जयगड आलं. तिनं तीन प्रश्न विचारले. मी तीन उत्तरं दिली.

"आजी, लाथ मारलीस?"

"नाही."

"शहाणी माझी. चोळू नका, चालवू नका, काही खायला देऊ नका. त्या गृहस्थांची गोळी झटक्याला चांगली, पण चीर असली तर उलटी पडेल. अॅम्ब्युलन्स यायची वाट बघण्यात वेळ जाईल, तुम्ही निघाच."

इक्बालभाईंनी इतिहास न सांगता गाडी हाकली. गणपतीपुळ्याला देवळाचा कळस दिसला तेव्हा मी गाडीतूनच हात जोडले आणि म्हटलं, बाप्पा, आज थांबत नाही, राग मानू नकोस, कारण तुलाही ठाऊक आहे. आरे-वारेचा तो सुंदर किनारा, ज्याचे फोटो लोक घरात लावतात, तो माझ्या डाव्या हाताला होता की उजव्या हाताला हे मला आजही सांगता येणार नाही.

रत्नागिरी

इस्पितळाच्या दारात उतरले तेव्हा लक्षात आलं, डावी चप्पल फेरीबोटीवरच राहिली. ती आता तवसाळ-जयगड अशा फेऱ्या मारत असणार. पहारेकऱ्यानं माझ्या पायाकडे बघून चाकाची खुर्ची मलाच आणली. केळशीत नवा माणूस दिसला की 'कोणाची कोण तू' असं विचारतात. रत्नागिरीत आधार कार्ड विचारतात. मी म्हटलं, कार्ड देते, पण पेशंट तो मागचा.

मुक्ता धावत आली. छातीची ईसीजीची पट्टी काढली, ती ठीक. मग तिनं उजव्या हाताचं प्रेशर घेतलं, मग डाव्या हाताचं, मग पुन्हा उजव्या हाताचं. दोन्ही आकडे जुळेनात. तिनं सिस्टरला हळूच काहीतरी सांगितलं, सिस्टरनी सलाईनमधून प्रेशर उतरवायचं औषध सुरू केलं, आणि मुक्ता म्हणाली, "आजोबा, लगेच सीटी स्कॅन करायचाय. इथे सही करा."

आता गंमत बघा. तोपर्यंत बाळ्याची कळ उतरली होती. तो उठून बसू बघत होता. आणि समोरच्या भिंतीवर मुक्ताच्याच भाषणाचा मोठा कागद लावला होता, त्यावर ठसठशीत अक्षरांत शीर्षक होतं, 'महाधमनी विच्छेदन'.

बाळ्यानं ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळला. "ताये, विच्छेदन मेल्यावर करतात ना?"

"ते शवविच्छेदन आजोबा," मुक्ता म्हणाली. "हे वेगळं. इथे विच्छेदन म्हणजे धमनीच्या भिंतीला आतून चीर जाणं, आणि त्या चिरेत रक्त घुसून भिंतीचे पदर सुटत जाणं."

"म्हणजे बामणघळ," मी म्हटलं.

मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. "हो आजी. अगदी बामणघळ."

पण बाळ्याच्या डोक्यात तो शब्द बसला तो बसला. "विच्छेदनाच्या कागदावर मी जिवंतपणी सही करणार नाही. आणि त्या बोगद्यात जाणार नाही. कोकण रेल्वेच्या बोगद्यातसुद्धा मी डोळे मिटून बसतो. कळ गेली आहे. उसण होती, गेली. इक्बाल, गाडी काढ."

मुक्तानं समजावलं, दटावलं, हात जोडले. कळ उतरली म्हणजे चीर मिटली असं नाही, ती कोणत्याही क्षणी पुढे सरकू शकते, असंही सांगितलं. पण अडुसष्ट वर्षांच्या आंबेवाल्याला आंबा पिकलाय का नाही हे सोडून दुसरं काही पटवून देणं कठीण. शेवटी ती म्हणाली, "रक्त तरी देता?"

"रक्त घ्या हवं तेवढं. सही मागू नका."

रक्त गेलं. मुक्ता माझ्याशेजारी बाकावर टेकली. म्हणाली, "एवढा संशय असताना रक्ताची वाट बघत बसायचं नसतं आजी. पण ते ऐकत नाहीत तोवर दुसरं काय करू?"

"त्या रक्तात बघणार काय? नीट सांग, या वेळेला मी नारळ खवत नाहीये."

"शरीरात कुठे रक्ताची गुठळी झाली आणि विरघळायला लागली की तिचे बारीक तुकडे रक्तात सापडतात. डी-डायमर म्हणतात त्याला. भिंतीला चीर गेली की शरीर तिथे गुठळ्यांचं ठिगळ लावायला धावतं, म्हणून ते तुकडे वाढतात."

"म्हणजे भाकरी मोडली की ताटात चुरा पडतो, तसं."

"तसंच. फारसा संशय नसलेल्या माणसाच्या ताटात चुरा नसेल, तर भाकरी मोडली नाही असं समजून चालता येतं. पण चुरा असेल तर एवढंच कळतं की कुठलीतरी भाकरी मोडली आहे. कुठली ते कळत नाही. पायात गुठळी असेल, जंतूंचा ताप असेल, नुसतं वय असेल, तरी चुरा पडतो. म्हणून पुढे स्कॅन करावाच लागतो."

"मग नाचणीचा चुरा की तांदळाचा, हे ओळखता येत नाही?"

मुक्ता एवढ्या वेळात पहिल्यांदा हसली. "तेच तर शोधतायत सगळीकडे. महाधमनीच्या भिंतीतच असतात असे काही पदार्थ आहेत. ते रक्तात उतरले तर थेट तिचंच नाव घेता येईल. पण एका थेंबावरून खात्रीनं सांगावं अशी तपासणी अजून हातात नाही. असती तर आजोबांपुढे एवढी विनवणी करावी लागली नसती."

अर्ध्या तासानं कागद आला. तिनं तो वाचला आणि बाळ्यासमोर धरला. आकडा जेवढा असायला हवा त्याच्या कितीतरी पट होता.

बाळ्या सगळं ऐकत होता म्हणायचा. लगेच म्हणाला, "म्हातारपणी चुरा पडतोच, तूच म्हणालीस."

"थोडा पडतो आजोबा. हा चुरा नाही, ही अख्खी भाकरी कुस्करलेली आहे."

तरीही तो छताकडे बघत बसला. तेव्हा मी उठले. त्याच्या खाटेशी गेले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. तो अनवाणी पाय मी फरशीवर आपटला.

"बाळ्या, आता सही केली नाहीस तर तुला तो पाय मिळेल. आणि लावणार नाही. मारणार. एकविसाव्या वर्षी मारत असे तशी."

त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. "पेन द्या," म्हणाला. सही करताना पुटपुटला, "शाळातपासनीस अजून पाठ धरून चालतो म्हणे." तो बिचारा कधीच वारला आहे.

स्कॅनमध्ये चीर दिसली. काळजाला लागून असती तर लगेच मुंबईला हलवून छाती उघडावी लागली असती. ही पुढे, पाठीकडून खाली उतरणाऱ्या भागात होती आणि कुठलीही शाखा बंद झालेली नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, सध्या ऑपरेशन नको, पण प्रेशर एकदम खाली ठेवायचं आणि आठवडाभर हलायचं नाही. प्रेशर वर गेलं तर लाट पुन्हा घळीत घुसणार. हे शेवटचं वाक्य माझं आहे, पण डॉक्टरांनी मान डोलावली.

भाषण

दुसऱ्या दिवशी मुक्ताचं भाषण झालं. मी सिस्टरच्या चपला घालून पहिल्या रांगेत बसले. आदल्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, "तुझ्या कागदावरचा तो शब्द आधी खोड. आणि दुसरा एक घाल. मंडणगडच्या डोंगरातली म्हातारी येऊन 'माझी महाधमनी' असं म्हणणार नाही. ती म्हणेल, उसण भरली. आणि तुमच्याकडे यायच्या आधी ती कोणा पायाळूकडे जाऊन आलेली असेल."

मुक्तानं रात्रीतून कागद बदलला. नवं शीर्षक होतं, 'ही उसण नसेल तर?' खाली लिहिलेलं, काही न उचलता एकदम भरली का? फाडल्यासारखी का? जागा बदलते का? मग दोन्ही हातांचं प्रेशर बघा आणि पुढे पाठवा.

प्रश्नोत्तरांत एक आरोग्यसेविका उठली. "मॅडम, आमच्या गावातली पायाळू मी स्वतःच आहे. मी काय करू?"

सभागृह हसलं. मुक्तानं माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मला उठून दहा मिनिटं बोलावं लागलं. काय बोलले ते सांगत नाही, पण गणू सुताराचं नाव घेतलं.

अतिदक्षता विभाग

संध्याकाळी मला बाळ्याला भेटायची परवानगी मिळाली. दारातच सिस्टरनी अडवलं. "आजी, पाच मिनिटं. त्यांना चिडवायचं नाही. वरचा आकडा एकशेवीसच्या पुढे जाता कामा नये."

मी बाहेर उभं राहून तयारी केली. बाळ्याशी गोड बोलायची मला सवय नाही. जन्मल्यापासून कधी प्रसंगच आला नव्हता. आत गेले. नळ्या, तारा, डोक्याशी हिरवे आकडे. वरचा आकडा एकशे चौदा. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि जमेल तितक्या मऊ आवाजात म्हटलं, "कसा आहेस रे बाळा? दमलास का?"

बाळ्यानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं.

"ताये, खरं सांग. किती दिवस सांगितलेत?"

एकशे एकवीस.

"काही सांगितलं नाही रे राजा. तू नुसता पडून राहा."

'राजा' ऐकल्यावर एकशे एकतीस. मशीन टिंटिं करायला लागलं. बाळ्याच्या डोळ्यांत पाणी. "वरच्या बागेतली पायरी आंब्याची दोन कलमं तुझी. माझ्या मुलाला सांगून ठेव. आणि गडगा पाडून टाका, मला आता कोणाशी वैर नको."

सिस्टर धावत आल्या. "काय बोललात तुम्ही यांना?"

"गोड बोलले."

सिस्टरनी आकड्याकडे पाहिलं, बाळ्याकडे पाहिलं, आणि हळूच मला म्हणाल्या, "घरी बोलता तसं बोला बघू."

मी हात काढून घेतला. "मेल्या, ती पायरी पाच वर्षं धरली नाही, तीच बरी माझ्या गळ्यात घालतोस. आणि गडगा पाडलास तर तुझी गुरं माझ्या अळवात. मरायला निघालास तरी डोळा माझ्या अळवावर. गोळ्या घरी ठेवून बोंबील खायला निघालेला मनुष्य मृत्युपत्र करतोय."

एकशे सव्वीस. एकशे एकोणीस. एकशे सोळा.

"बोंबील कावळ्यानं खाल्ला," बाळ्या म्हणाला, आणि डोळे मिटून स्वस्थ झोपला.

सिस्टरनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि मला रोज सकाळ-संध्याकाळ पाच पाच मिनिटं यायला सांगितलं. मी बाहेर बाकावर जाऊन बसले आणि आठवतील तेवढ्या शिव्या आठवायला लागले. आठवडाभर पुरवायच्या होत्या, आणि एकही दुसऱ्यांदा वापरून चालणार नव्हती, त्याला लगेच संशय आला असता. पुरल्या. दोन उरल्या, त्या परतीच्या वाटेवर हमरस्त्यानं येताना गाडीत दिल्या.